शेवटच्या वर्षाचा प्रकल्प: अख्खं शहर नको, एक गल्ली घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतला सहा जणांचा गट, चार सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आणि दोन आर्किटेक्चरचे. सिनॉप्सिसवर 'पूरमुक्त स्मार्ट सांगली' असा विषय लिहिलात आणि गाईडनी तो "फार पसारा आहे, आवरा" म्हणून परत केला. आता विषय कसा आवरायचा, सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, आर्किटेक्चरच्या दोघांना काय काम द्यायचं आणि एवढं करून महापालिका ते वापरेल का, हे तुम्हाला हवं आहे.

मी तीस वर्षं पावसाळी गटारं, नाले आणि रस्त्यांच्या लेव्हल्स यांतच काम करतो आहे आणि बरीच वर्षं व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) म्हणूनही बसतो. त्या दोन्ही बाजूंनी सांगतो.

तुमच्या गाईडचं बरोबर आहे. नावातून 'स्मार्ट' काढा, 'पूरमुक्त' काढा आणि 'सांगली'सुद्धा काढा. उरली पाहिजे एक गल्ली. तीनशे मीटर लांबीची, जिथे २०१९ला पाणी शिरलं होतं आणि जिथे तुमच्यापैकी कुणाचा तरी मामा, मावशी किंवा मित्र राहतो. प्रश्नही एकच ठेवा: कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी किती फूट झालं की या गल्लीतल्या कुठल्या दारात पाणी येतं?

हा प्रश्न तुम्हाला लहान वाटेल, म्हणून आधी दिवसांचा हिशेब करू. दोन सत्रं म्हणजे कागदावर दहा महिने. त्यातून युनिट टेस्ट, प्रॅक्टिकल, प्लेसमेंटच्या मुलाखती, गणपती, दिवाळी, गॅदरिंग वजा करा. सहाही जण एकत्र साइटवर असतील असे दिवस पंचवीस-तीसच्या वर जात नाहीत. एवढ्या दिवसांत शहर मोजून होत नाही. मग शहराचा विषय घेतलेले गट इंटरनेटवरचे नकाशे आणि जुन्या अहवालांतले तक्ते गोळा करतात, त्यावर सॉफ्टवेअर चालवतात आणि रंगीत चित्र काढतात. त्या चित्रात त्यांनी स्वतः मोजलेला एकही आकडा नसतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाची किंमत माझ्या लेखी एकाच गोष्टीवर ठरते: तुम्ही मोजलं नसतं तर जगात कुठेच नसता, असा आकडा त्यात आहे का?

तुमच्या विषयात तर ही गोष्ट फार टोकाची आहे. पूर दाखवायला बहुतेक गट उपग्रहावरून मिळणारा फुकटचा ३० मीटरचा उंचीनकाशा घेतात. त्यातला एक ठिपका म्हणजे ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे तुमच्या गल्लीतली समोरासमोरची घरं, रस्ता आणि मागचं परसू धरून एकच उंची. तिच्यातली चूकही काही मीटरची असते. आणि गल्लीत प्रश्न असतो एका फुटाचा. पाणी ओट्याच्या खाली राहिलं की वर आलं यावर गहू वाचतो, मोटर वाचते, म्हातारं माणूस घरात राहू शकतं. मीटरच्या चुकीनं फुटाचा प्रश्न सुटत नाही. तेव्हा सॉफ्टवेअरचं उत्तर असं: नकाशासाठी क्यूजीआयएस हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरे आहे, बाकी ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मापाची उभी पट्टी). दोन्ही तुमच्या सर्व्हेच्या लॅबमध्ये आहेत.

आता आयर्विनचं. सांगलीत पूर फुटांत बोलतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कुठल्या फुटाला कुठला भाग पाण्याखाली जातो याच्या याद्या प्रशासनाकडे आहेत आणि सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड या बाजूला पाणी आधी येतं हे तर सगळ्या गावाला पाठ आहे. पण यादी वसाहतीची असते. माणूस वसाहतीत राहत नाही, घरात राहतो. एकाच गल्लीत दोन टोकांच्या ओट्यांत तीन-चार फुटांचा फरक सहज असतो. शिवाय रस्ता दर काही वर्षांनी वर डांबर चढून उंच होत जातो आणि जुनी घरं खाली राहतात. ४३ला निघायचं की ४८ला, हे त्या घराला कुणी सांगितलेलं नसतं. शहरासाठीचा इशारा आणि एका दाराचा उंबरा यांच्यातला तुटलेला दुवा तुम्हाला जोडायचा आहे.

करायचं कसं ते सविस्तर सांगतो, कारण इथेच गट चुकतात.

गेजचा, म्हणजे पुलावरच्या पाणी मोजायच्या फुटांच्या पट्टीचा, शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हा आकडा पाटबंधारे विभागाकडे असतो. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन जा. मिळाला तर उत्तम. उशीर होत असेल तर थांबू नका. पुलावरच्या फुटांच्या खुणेचीच लेव्हल घ्या आणि तिथून गल्लीपर्यंत लेव्हल चालवत न्या. समुद्रसपाटी नंतर जोडता येते, आयर्विनचे फूट महत्त्वाचे. मात्र पुलावर वाहनांची वर्दळ असते, तेव्हा भल्या सकाळी जा आणि एक जण फक्त वाहनांकडे बघायला ठेवा.

पहिल्या दिवशी साइटवर जाण्याआधी कॉलेजच्या मैदानावर टू-पेग टेस्ट करा, म्हणजे दोन खुंट्यांवर यंत्राची नजर सपाट आहे का ते तपासा. लॅबमधलं यंत्र कितीदा पडलं आहे हे कुणालाच माहीत नसतं. मग रोज सुरुवात केली त्याच बेंचमार्कवर (उंचीच्या पक्क्या खुणेवर) परत येऊन फेरी बंद करायची. काटेकोर लेव्हलिंगला १२ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ इतके मिलिमीटर चूक चालते. दोन किलोमीटरच्या फेरीला ती साधारण १७ मिमी येते. त्यापेक्षा जास्त आली तर ती फेरी पुन्हा करायची, आकडे 'ॲडजस्ट' करायचे नाहीत. बॅकसाइट (मागच्या बिंदूचं रीडिंग) आणि फोरसाइट (पुढच्या बिंदूचं) यांची अंतरं सारखी ठेवा, स्टाफ धरणाऱ्याला तो हळूच पुढे-मागे झुलवायला सांगा आणि सगळ्यात कमी रीडिंग घ्या. टर्निंग पॉइंट, म्हणजे यंत्र पुढे हलवताना स्टाफ ज्यावर टेकवता तो बिंदू, मातीवर घेऊ नका. ड्रेनेजच्या झाकणाची कड, विजेच्या खांबाचा चौथरा, देवळाची पायरी असं काही पक्कं घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. मोबाईलच्या जीपीएसनं उंची घेण्याचा मोह कुणाला तरी होईलच. अक्षांश-रेखांशासाठी मोबाईल ठीक आहे, उंचीसाठी अजिबात नाही.

लेव्हल घ्यायची कशाची? रस्त्याचा मध्य, गटाराची कड आणि तळ, प्रत्येक घराचा ओटा, उंबरा, विजेच्या मीटरचा तळ, पाण्याच्या मोटरीची जागा. आणि पुराची खूण.

पुराच्या खुणेसाठी माणसांशी बोलावं लागतं. गल्लीत तिकाटणं (यंत्राची तिवई) उभं केलं की पहिला प्रश्न येतो, "अतिक्रमण मोजायला आलाय का?" हा प्रश्न येणारच, आणि त्यांचा तो संशय रास्त आहे. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात हवं, आणि पहिला दिवस यंत्र न नेता नुसतं फिरण्यात, चहा पिण्यात घालवलात तरी चालेल. मी वीसेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका नदीकाठच्या गावात असंच काम करत होतो. तीन घरांनी दारातूनच परत पाठवलं. चौथ्या घरात एका आजींनी आत नेलं आणि माजघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या दोन रेघा दाखवल्या. वरची मोठ्या पुराची, खालची त्यानंतरच्या लहान पुराची. शेजारीच नातवंडांच्या उंचीच्या रेघा होत्या, नावांसकट. आजी म्हणाल्या, "ह्याच्या गळ्याइतकं आलं होतं बघा," आणि त्या मुलाच्या रेघेवर बोट ठेवलं. मी स्टाफ उंबऱ्यावर उभा धरून वरच्या रेघेपर्यंत मोजलं: १.१८ मीटर. त्या दिवसाच्या फील्डबुकातला तोच आकडा मला आजही पाठ आहे, कारण त्या गल्लीच्या सगळ्या हिशेबाचा खुंटा तोच ठरला.

सगळ्या खुणा इतक्या चोख नसतात. म्हणून प्रत्येक खुणेला दर्जा द्या. भिंतीवर रेघ किंवा डाग शाबूत आहे आणि तारीख पक्की आहे, तो पहिला. मोबाईलमध्ये फोटो आहे, त्यात पाणी कुठल्या पायरीला लागलं आहे ते दिसतं, पण पाणी सर्वांत वर होतं तेव्हाचा तो फोटो आहे का याची खात्री नाही, तो दुसरा. नुसती आठवण, तो तिसरा. आठवणीवर राग धरू नका, पण तिला रेघेच्या पंक्तीला बसवू नका. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांत माणसांची गल्लत होते. "तेव्हा धाकटीचं लग्न ठरलं होतं का?" असं विचारलं की साल बरोबर निघतं.

आता गंमतीचा भाग. गल्लीतली खूण आणि आयर्विनचा त्या पुरातला सर्वोच्च आकडा सरळ जुळणार नाही. वाहत्या नदीला पुरातही उतार असतो. तुमची गल्ली पुलाच्या वरच्या अंगाला असेल तर तिथलं पाणी पुलापेक्षा थोडं उंच असेल, खालच्या अंगाला असेल तर थोडं कमी. त्यात खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणेलाही पूर असेल तर फुगवटा वाढतो आणि हा फरक बदलतो. म्हणून एकाच भिंतीवर दोन पुरांच्या खुणा मिळाल्या तर त्या सोन्यासारख्या जपा. समजा, लेव्हलच्या हिशेबानं एका घराची २०१९ची खूण आयर्विनच्या आकड्यापेक्षा ०.६ फूट वर निघाली आणि २०२१ची ०.४ फूट वर. त्याच घराचा ओटा लेव्हलनं ४८.५ फुटांशी जुळतो आहे. तर आयर्विनला ४७.९ ते ४८.१च्या दरम्यान पाणी झालं की ते ओट्याला लागेल. अहवालात हा पल्लाच लिहा. दशांशाच्या तीन आकड्यांपर्यंत एकच उत्तर लिहिलं तर मी व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच विचारीन.

यापुढची पायरी तासांची आहे आणि लोकांना खरी हवी असते ती हीच. पुराच्या दिवसांत आयर्विनची पातळी वेळोवेळी जाहीर होते. त्या जुन्या नोंदी मिळवून पाणी चढण्याचा वेग काढा. समजा ४०च्या वर ते तीन तासांना एक फूट या वेगानं चढत असेल, तर इशाऱ्यापासून या ओट्यापर्यंत जवळपास २४ तास मिळतात. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खोलगट असेल आणि तो ४२लाच बुडत असेल, तर मात्र सहाच तास. घर कोरडं, पण बाहेर पडायची वाट बंद! मी पाहिलेल्या बहुतेक पूरनकाशांत नेमकं हेच सुटलेलं असतं. प्रत्येक घरासाठी दोन आकडे काढा: घरात पाणी कधी आणि वाट बंद कधी. २०१९ला ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं बुडाली ते आठवा. पायी निघता येत होतं तोवर निघालेल्या माणसाला बोटीची वाट पाहावी लागत नाही. तुमचा दुसरा आकडा त्यासाठी आहे.

पाणी येतं कुठून तेही पाहा. नदी काठावरून उलटून गल्लीत येते असं आपण चित्र काढतो. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी पाणी आधी नाल्यातून आणि गटारातून उलटं चढतं. शेरी नाल्यासारखे नाले एरवी नदीकडे वाहतात, पण नदीची पातळी वर गेली की त्यांचं तोंडच पाण्याखाली जातं. म्हणून गटाराच्या तळाची लेव्हल घ्या म्हणालो. गल्लीत सर्वांत आधी बुडबुडे कुठल्या चेंबरमधून येतात, हे तिथल्या दुकानदाराला विचारा. तो बोट दाखवून सांगेल.

इथे सिव्हिलच्या चौघांना थोडं गणितही करता येईल. पावसाळी पाण्यासाठी रॅशनल सूत्र सगळ्यांना येतं: क्यू बरोबर सीआयए भागिले ३६०. क्यू म्हणजे येणारं पाणी, सी म्हणजे पावसातला वाहून जाणारा वाटा, आय म्हणजे पावसाचा वेग, ए म्हणजे क्षेत्र. समजा १२ हेक्टरचा भाग, सी ०.८, पाऊस तासाला ६० मिमी. येणारं पाणी सेकंदाला १.६ घनमीटर. तिथे ९०० मिमीचा पाइप ३००ला १ उतारानं टाकलेला असेल तर मॅनिंगच्या (उतारावरून पाइपचा प्रवाह काढायच्या) सूत्रानं त्याची क्षमता १.०५च्या आसपास येते. म्हणजे पाइप कमी पडतो. बहुतेक अहवाल इथे थांबतात आणि १२०० मिमीचा पाइप सुचवून मोकळे होतात. पण नदीला पूर असताना पाइपचं तोंडच बुडालेलं असेल, तर पाइप ९००चा असो की १२००चा, मॅनिंग लावायला उतारच उरत नाही. मग प्रश्न वहनाचा राहत नाही, साठवणीचा होतो. त्या एका तासात ५,७६० घनमीटर पाणी जमा होतं. सगळ्या १२ हेक्टरांवर पसरलं तर ४८ मिमी, पण पाणी पसरत नाही, सखल भागात जातं. सर्वांत खालच्या एका हेक्टरात गेलं तर अर्ध्या मीटरहून जास्त. आता पंप किती लागतील, कुठलं मैदान काही तास पाणी धरू शकेल, हे खरे प्रश्न समोर येतात. या एका उदाहरणावर तुमचं अख्खं एक प्रकरण उभं राहील.

आर्किटेक्चरच्या दोघांबद्दल तुम्ही लिहिलं आहे की "ते शेवटी थ्रीडी व्ह्यू करून देतील". हे वाचून मला वाईट वाटलं. त्यांना शेवटी बोलावू नका, पहिल्या दिवसापासून घ्या. लेव्हलचा तक्ता गल्लीतल्या कुणालाही वाचता येत नाही, छेद वाचता येतो. दर तीस मीटरला गल्लीचा एक आडवा छेद, १:५० प्रमाणात. दोन्ही बाजूंची घरं, ओटा, जिना, माळा, गच्ची, गटार, रस्ता, मीटरची पेटी, दावणीला म्हैस असेल तर म्हैससुद्धा. आणि त्यावर तिन्ही पुरांच्या आडव्या रेघा. असे दहा-अकरा छेद होतील. माणूस काढायचा तर खऱ्या उंचीचा काढा. त्याच्या छातीला रेघ लागलेली दिसली की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

एक वाद तुमच्यात नक्की होईल. सिव्हिलवाले लांब छेद काढताना उभं माप दहापट ताणतात, कारण नाहीतर उतार दिसतच नाही. आर्किटेक्चरवाल्यांना ते खोटं वाटतं, कारण घरं बुरुजासारखी दिसायला लागतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ताणलेला लांब छेद गणितासाठी ठेवा आणि न ताणलेला, १:२०० प्रमाणाचा, दीड मीटर लांबीचा पट्टा गल्लीला दाखवण्यासाठी काढा. तो पट्टा घेऊन एका संध्याकाळी गल्लीत बसा. लोक तुमच्या चुका काढतील: हा जिना आता पाडला, ह्या घराला मागनं दार आहे, ही गच्ची शेजारच्या गच्चीला जोडलेली आहे. त्या संध्याकाळच्या दुरुस्त्या लाल शाईनं त्याच कागदावर लिहा आणि तो कागद तसाच जुरीपुढे टांगा.

डिझाइन किती करायचं? थोडं. रिव्हरफ्रंटची चित्रं नकोत. छेदांतून जे आपोआप पुढे येतं तेवढंच घ्या. बाहेरून गच्चीवर जाणारा जिना कुठल्या तीन घरांना आहे आणि तो बाकीच्यांना वापरता येईल का. मीटरच्या पेट्या किती वर घ्याव्या लागतील. गल्लीच्या तोंडाचा खोलगट तुकडा उचलला तर वाट किती तास जास्त उघडी राहील, आणि तो उचलल्यानं पावसाचं पाणी आतल्या कुणाच्या घरात तुंबेल का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. रस्ता उचलून एकाची सोय आणि दुसऱ्याच्या घरात तळं, असं मी माझ्या कामात झालेलं पाहिलं आहे. तेव्हा आमच्यातल्या कुणीही आतल्या घरांचे उंबरे मोजले नव्हते. प्रत्येक सूचनेला जिल्हा दरसूचीप्रमाणे खर्च लावा. दहा लाखांचं काम आणि दहा कोटींचं काम यांची गोष्टच वेगळी असते.

दोन गोष्टींची काळजी घ्या. पाटबंधारे विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात. ढोबळमानानं निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकाम परवानगी त्यांच्यावर ठरते. तुमची रेघ ही पूररेषा नाही, ते नोंदवलेल्या पाण्याचं मोजमाप आहे. अहवालात आणि गल्लीत बोलताना हे शब्द चुकूनही अदलाबदल करू नका. लोकांची झोप उडते आणि घरांचे व्यवहार मोडतात. त्याच कारणानं प्रसिद्ध होणाऱ्या नकाशावर घरमालकाचं नाव किंवा घर क्रमांक घालू नका. तुमचे स्वतःचे क्रमांक द्या, आणि ज्याच्या घराचा आकडा आहे त्याला तो चिठ्ठीवर लिहून हातात द्या: "आयर्विन ४८ला ओटा, ४२ला वाट बंद." त्या कुटुंबासाठी तुमचा सगळा प्रकल्प म्हणजे ती चिठ्ठीच.

महापालिका वापरेल का, या प्रश्नावर प्रामाणिकपणे सांगायचं तर ते तुम्ही काय आणि कुणाला देता यावर आहे. मी विद्यार्थी असताना आमच्या गटानं एका नगरपालिकेला १४० पानी इंग्रजी अहवाल नेऊन दिला होता. तो स्वीकारताना फोटो काढला गेला, पुढे काही झालं नाही. आज विचार करतो तर त्यात त्या कार्यालयाचा दोष थोडाच होता. जो कनिष्ठ अभियंता पावसाळ्यात रात्री दोनला पंप सुरू करायला जातो, त्याला १४० पानांतून हवं ते पान सापडणार कसं? तेव्हा एक ए-थ्री कागद करा, मराठीत. डावीकडे गल्लीचा नकाशा, उजवीकडे फुटांप्रमाणे घरांची आणि वाटांची यादी. तो आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्या, त्या वॉर्डाच्या अभियंत्याला द्या, आणि गल्लीतल्या मंडळाच्या फलकावर लावायची परवानगी मागा. माहिती मागायला कार्यालयात जाल तेव्हाही रिकाम्या हातानं जाऊ नका. आधी आपली दोन-तीन आठवड्यांची लेव्हल दाखवा, मग गेजच्या नोंदी मागा. माहिती अधिकाराचा अर्ज हा हक्क आहेच, पण तो पहिल्याच दिवशी टाकला की पुढची बोलणी खुंटतात.

तुम्ही एकटे नाही हेही लक्षात ठेवा. राज्यानं २०१६मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, त्यामागे आयआयटी मुंबईच्या सितारा या केंद्राचं काम आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्यातल्या पाणी, रस्ते, वाहतूक यांसारख्या प्रश्नांचा प्रत्यक्ष जागेवर अभ्यास करावा आणि तो प्रशासनाच्या उपयोगी पडावा, हा त्याचा गाभा. तुमच्या कॉलेजात याचे समन्वयक असतील तर त्यांना गाठा. प्राचार्यांच्या पत्राला वजन येतं.

ब्लॅक बुकबद्दल, म्हणजे छापून बांधलेल्या प्रकल्प अहवालाबद्दल, थोडंच. फील्डबुकाची मूळ पानं, खाडाखोडीसकट, परिशिष्टात स्कॅन करून लावा. 'साहित्य आढावा' चाळीस पानांचा नको, आठ पानं पुरेत. काय जमलं नाही ते स्वतःहून लिहा: सात घरांनी आत येऊ दिलं नाही, एक फेरी बंद झाली नाही, २००५च्या फक्त दोन खुणा मिळाल्या. व्हायवात मला अशा पानांवर थांबायला आवडतं. दहा वर्षांत मी जितक्या काँक्रीट क्यूबच्या (काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडून ताकद मोजायच्या) प्रकल्पांना बसलो, त्यांतल्या बहुतेकांत तीन-तीन क्यूबच्या सरासरीवर आलेख चढत गेलेला असतो, एकही क्यूब वेडावाकडा फुटलेला नसतो. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला ते खरं वाटत नाही. आणि दुकानातून विकत आणलेला प्रकल्प ओळखायला दोन प्रश्न पुरतात, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. तुमच्या पत्रावरून तुम्ही जाणार नाही असं वाटतंय.

शेवटचं, आणि घाईचं. तुम्ही लिहिलं आहे की पहिलं सत्र वाचनात आणि सॉफ्टवेअर शिकण्यात घालवून फील्डवर्क जानेवारीत सुरू करायचं. ते उलटं करा. २०१९च्या रेघा आजही काही भिंतींवर आहेत, पण दर दिवाळीला त्यांतल्या काही पुसल्या जातात. घरात डिस्टेंपर लागतो, चौकट ऑइलपेंटनं रंगते, ओट्याला फरशी बसते. ज्या घरात यंदा लग्न आहे तिथे तर आधीच रंगारी आलेला असेल. वाचन डिसेंबरात होईल. येत्या रविवारी दोघांनी जाऊन गल्लीतल्या भिंतींच्या खुणांचे फोटो काढा, प्रत्येक खुणेशेजारी टेप धरून. ज्या घराचं रंगकाम ठरलं आहे तिथे विचारून खुणेच्या उंचीवर चौकटीत एक छोटा खिळा मारून ठेवा. लेव्हल पुढच्या महिन्यात आणली तरी चालेल, खिळा तिथेच असेल.